वाट माझी आहे

टेक्सासमधल्या प्लेनोतल्या ह्या घरात आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात मी बेसनाचे लाडू केले आणि आजूबाजूला द्यायला निघाले. साताऱ्याची सवय. डावीकडच्या घराची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा, अर्धं नाक आणि काळ्या ब्लाउजची बाही दिसली.

"आम्ही शेजारी राहायला आलोय," मी म्हणाले. "हे तुमच्यासाठी."

"अनोळखी माणसांकडचं मी खात नाही."

"मग ओळख करून घेऊ या की."

"कशाला?"

एवढं विचारून ती खरोखरच उत्तरासाठी थांबली. तिनं थोडा वेळ दिला आणि दार लावून घेतलं.

ही इरिनी. मूळची ग्रीसमधल्या क्रीट बेटावरची, पण टेक्सासमध्ये आयुष्य काढलेली. इंग्रजी बोलायची ते खडे फेकल्यासारखं. वाक्य लहान, आणि लागेल असं. इरिनी ह्या नावाचा अर्थ शांती, हे माझ्या मुलीनं, मिहिकानं, फोनवर शोधून काढलं, तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलावर पोट धरून हसलो. त्या दिवसापासून माझा नवरा शिरीष तिला शांताबाई म्हणायला लागला.

तिचा नवरा रे हा इथलाच, प्लंबर. आम्ही यायच्या आधीच तो गेला होता. गल्लीतले जुने लोक सांगायचे, त्याच्या धंद्याचा फोन ती घ्यायची, आणि लोक गळका नळ सहन करायचे पण फोन करायला धजायचे नाहीत. मूलबाळ नाही. मैत्रिणी नाहीत. रविवारी चर्च, तेही शेवटच्या बाकावर, कुणाशी न बोलता. आमचं गवत जरा वाढलं किंवा कचऱ्याचा डबा एक दिवस जास्त बाहेर राहिला, की दाराला सिटीची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस. तक्रार कुणी केली हे विचारावं लागत नसे. आम्ही नोटीस वाचताना ती आपल्या पोर्चवर उभी राहून बघत असायची.

एकदा गणपतीत आमच्याकडे आरतीला बरीच मंडळी जमली होती. झांजा, टाळ्या, सगळं जोरात. आरती संपते न संपते तोच दारात पोलीस. बिचारा फार सभ्य होता, प्रसादाचा मोदकही घेतला त्यानं. त्याच्यामागे, हिरवळीच्या अगदी काठावर, आमच्या हद्दीत पाऊल न टाकता इरिनी उभी होती. "तुमच्या देवाचं माझं भांडण नाही," ती म्हणाली. "तुमचं आहे."

पण खरं वैर झालं ते कुंपणावरून. एका वसंतात वादळ आलं आणि दोन घरांमधलं लाकडी कुंपण आडवं झालं. शिरीषनं माणसं आणून नवीन उभं करून घेतलं. ती चर्चला गेली होती. परत आली ती तशीच, चर्चच्या कपड्यांत, टेप घेऊन. मोजलं आणि म्हणाली, "वीतभर माझ्यात आलंय. काढा."

"वीतभर!" शिरीष म्हणाला. "अहो, वीतभर जागेनं काय होणार आहे?"

"आधी वीतभरच मागतात."

सिमेंट ओतलेले खांब उपटावे लागले. शिरीष महिनाभर तिच्या घराकडे तोंड करून गाडीसुद्धा लावत नव्हता. त्याला जास्त झोंबलं ते हे, की नकाशा काढून पाहिला तर तिचं बरोबर होतं.

मग तिच्या डोळ्यांचं काही निघालं. ऑपरेशन, नंतर तपासण्या, आणि डॉक्टरनं गाडी चालवायला बंदी केली. एके दिवशी तिनं बेल वाजवली. आमच्या दारात ती उभी असल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तू घरून काम करतेस. बुधवारी दहाला मला डॉक्टरकडे सोड."

विनंती नव्हती. नाही म्हणायला हवं होतं, पण मला खरंच तिची भीती वाटली. बुधवारी ती आली आणि मागचं दार उघडून मागे बसली.

"पुढे बसा ना," मी म्हणाले.

"पुढे बसलं की माणसं गप्पा मारतात."

झालं. त्या वर्षी दर थोड्या दिवसांनी मी हायवेवरून टॅक्सीवाल्यासारखी तिला नेत-आणत होते. मैत्रिणी विचारायच्या, का करतेस? मला सांगता यायचं नाही. तिच्याबद्दल माया मुळीच वाटत नव्हती. ती मागे बसून माझ्या ड्रायव्हिंगवर बोलायची. "लेन बदलताना तू माफी मागितल्यासारखी बदलतेस. सगळं तसंच करतेस तू."

एका बुधवारी गाडीतच दादाचा फोन आला. माझा मोठा भाऊ, साताऱ्याला असतो. फोन गाडीच्या स्पीकरवर लागला.

"अनू, मी काय म्हणतो, तू येशील तेव्हा ते हक्कसोडपत्र तेवढं करून टाकू. नुसती सही गं. तुला तिथे काय कमी आहे? सगळ्याच बहिणी करतात. बाबांनाही हेच वाटलं असतं. आणि माहेर काय, तुझंच आहे. कधीही ये."

"बघू दादा. गाडीत आहे," म्हणून मी फोन ठेवला.

मागून आवाज आला. "भाऊ ना?"

"हो."

"सही मागतोय."

मी आरशात पाहिलं. "तुम्हाला मराठी कळतं?"

"भाऊ कळतात."

आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती आपणहून बोलली. डॉक्टरकडे पोचलो तरी उतरली नाही.

तिच्या बापाची डोंगरात ऑलिव्हची शेतं होती. ती दोघा भावांना मिळाली. मुलीला काहीतरी द्यायचं म्हणून समुद्राकडचा उतार दिला. नुसते दगड, काटेरी झुडपं, शेळ्यासुद्धा रमायच्या नाहीत. खाली दोन कड्यांच्या बेचक्यात समुद्राचा एक लहानसा तुकडा शिरलेला. तेव्हा समुद्राकाठच्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं. भाऊ हसले. म्हणाले, हिला मीठ मिळालं, आता शिजवायला काहीतरी शोधा. बेटावर तेव्हा अमेरिकन विमानदलाचा तळ होता. तिथल्या रेशी तिनं लग्न केलं, तेव्हा गावातलं एकही माणूस चर्चमध्ये आलं नाही. आईसुद्धा नाही.

"मग पर्यटक आले," इरिनी म्हणाली. "मग दगड गोड झाले."

खूप वर्षांनी ती रेला घेऊन गेली, तर त्या बेचक्यात मोठ्या भावाचं खानावळीसारखं हॉटेल उभं. तिच्या उतारावर गाड्या लावलेल्या. किनाऱ्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या. ती एका खुर्चीवर बसली. एक तरुण मुलगा आला आणि छत्रीचे पैसे मागू लागला. ती म्हणाली, ही जागा माझी आहे. तो हसला आणि म्हणाला, म्हातारे, पैसे नसतील तर ऊठ. तो तिचा सख्खा भाचा होता. त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. मग भाऊ आला. त्यानं ओळखलं. गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तू इथे पाहुणी आहेस. पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं."

"तुम्ही काय केलंत?"

"उठले. इथे आले. वकील केला."

बरीच वर्षं गेली त्यात. शेवटी निकाल तिच्या बाजूनं लागला. तिनं वाटेवर लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं. हॉटेल बंद पडलं.

"पण किनारा तर सगळ्यांचा असतो ना?" मी विचारलं.

"समुद्र सगळ्यांचा आहे," ती दार उघडत म्हणाली. "वाट माझी आहे."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ग्रीसला गेलो. शिरीषनं ट्रिप आखली होती आणि क्रीट त्यात होतंच. मिहिका म्हणाली, "आपण तिचा बीच बघू या ना. प्लीज." मी इरिनीला गावाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. "जा. पण तिथे माझं नाव काढायचं नाही."

भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिथवर गेलो. डोंगर उतरता उतरता रस्ता एका फाटकाशी संपला. जाड साखळी, कुलूप, दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण. फाटकावर ग्रीकमध्ये लाल रंगात काहीतरी खरडलेलं. मिहिकानं फोननं वाचलं आणि म्हणाली, "आई, मी हे तुला ट्रान्सलेट करून सांगणार नाहीये." फाटकाच्या फटीतून खाली निळ्याचा एक तुकडा दिसत होता.

शेजारच्या बंदरातून एक होडीवाला आम्हाला समुद्राकडून न्यायला तयार झाला. चाळिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा. यानिस त्याचं नाव. वाटेत म्हणाला, "फार सुंदर जागा आहे. एका चेटकिणीची आहे."

होडी कड्याला वळसा घालून आत शिरली आणि वारा एकदम थांबला. दोन्हीकडे उभे पिवळे कडे, मध्ये पांढऱ्या गोट्यांचा किनारा, आमच्या प्लेनोतल्या अंगणाहून फार मोठा नव्हे. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळावर स्पष्ट दिसत होती, आणि होडी हवेत टांगल्यासारखी वाटत होती. झाऊची चार वाकडी झाडं. त्यांच्यामागे ते हॉटेल, छप्पर कोसळलेलं, ओट्यावर छपराच्या बोरूच्या काड्यांचा ढीग. गंजलेल्या आरामखुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. कुणाचा आवाज नाही. गोट्यांवरून पाणी मागे सरताना होणारी खळखळ तेवढी.

आम्ही पोहलो. मिहिका तळाचे गोटे उचलून आणत होती. शिरीषला पोहायला येत नाही. तो गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून नुसता हसत होता. त्याला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग बाहेर येऊन बसला आणि त्या पडक्या हॉटेलाकडे बघत म्हणाला, "काय बाई आहे यार! स्वतः खात नाही, दुसऱ्याला खाऊ देत नाही. एवढी जागा सडवली."

"बाबा, तिनं लॉक केलं म्हणून तर ती अशी आहे," मिहिका म्हणाली. "नाहीतर इथे आत्ता म्युझिक असतं."

"आणि लोकांची पोटं भरली असती."

यानिस होडीच्या कडेला बसून सिगारेट ओढत होता. त्यानं सहज विचारलं, तुम्ही अमेरिकेत कुठे असता?

"टेक्सास," शिरीष म्हणाला.

त्याचा हात थांबला. "आमची एक बाई आहे तिथे."

मी मिहिकाकडे बघितलं, पण उशीर झाला होता. "वी नो हर," ती म्हणाली. "शी लिव्ह्ज नेक्स्ट डोअर."

यानिसनं सिगारेट पाण्यात टाकली. "बसा होडीत."

"अजून तासही झाला नाही," शिरीष म्हणाला.

"बसा."

परतीच्या वाटेवर तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. बंदर दिसायला लागलं तेव्हा बोलला. तिनं सांगितलंच असेल तुम्हाला, तो छत्रीचे पैसे मागणारा मुलगा मीच, म्हणाला. आत्याचा फोटोसुद्धा घरात ठेवलेला नव्हता, मी ओळखणार कसं? हॉटेल बंद झालं तसे वडील खाटेला लागले ते उठलेच नाहीत. आई अजून दुसऱ्यांच्या हॉटेलांत खोल्या झाडते. "तिला विचारा," तो म्हणाला, "मरताना वाट बरोबर घेऊन जाणार आहे का?"

उतरताना शिरीषनं हात पुढे केला. यानिसनं तो घेतला नाही.

मला इरिनी आणि यानिस, दोघांचाही राग आला होता, आणि दोघांचंही म्हणणं पटत होतं. तशा अवस्थेत मी घरी आले.

पुढच्या बुधवारी इरिनी मागे बसली. हायवेला लागल्यावर तिनं विचारलं.

"फाटक?"

"बंद आहे."

"गंज?"

"थोडा."

"पाणी?"

"तसं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं."

आरशात तिचा चेहरा हलला नाही. मग मी यानिसबद्दल सांगितलं, त्याच्या आईबद्दल सांगितलं, आणि त्याचा प्रश्नही सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझं नाव काढलंत."

"मिहिकाच्या तोंडून निघून गेलं. लहान आहे ती."

"गाडी थांबव."

"इरिनी, हायवे आहे हा."

"थांबव."

मी सर्व्हिस रोडला उतरले आणि कडेला थांबवली. ती उतरली. जुलैचं ऊन, डांबर पांढरं झालेलं, फूटपाथ नाही. काळ्या कपड्यांत, पर्स पोटाशी धरून, ती वाळलेल्या गवतातून चालायला लागली. मी दिवे लुकलुकवत तिच्या मागे मागे गाडी रांगवत होते. काच खाली करून ओरडत होते, बसा, चक्कर येईल. तिनं वळून पाहिलं नाही. पुढे पेट्रोल पंप आला. तिथे आत गेली आणि टॅक्सी बोलावून घेतली. डॉक्टरकडे गेलीच ती, वेळेवर. पण आमच्याशी बोलणं बंद केलं. सिटीकडे तक्रार करणंसुद्धा थांबवलं. ते मला जास्त लागलं.

नोव्हेंबरात तिच्या घरासमोर एक भाड्याची गाडी थांबली. यानिस उतरला, हातात ऑलिव्ह तेलाचा पत्र्याचा डबा. होडी ठरवताना शिरीषनं नाव दिलं होतं, त्यावरून गल्ली त्यानं बरोबर शोधून काढली होती. तिनं दार उघडलं नाही. तो पायरीवर बसून राहिला, आणि संध्याकाळी डबा दाराशी ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी आला, तर डबा तिथेच. शिरीष म्हणाला, "पोलीस बोलवायचे का?" मी म्हटलं, "तिला बोलवता येतात."

तिसऱ्या दिवशी ती पोर्चवर खुर्ची टाकून बसली होती. तो पायरीवर. आणि मग जे सुरू झालं! गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे हलले. दोघं ग्रीकमध्ये एकमेकांवर तुटून पडले होते. ती बोट नाचवत होती, तो छातीवर हात आपटत होता. एकदा तो उठून गाडीपर्यंत गेला, गाडीच्या टपावर मूठ मारली आणि परत आला.

मिहिका माझ्या शेजारी खिडकीशी उभी होती. "आई, आर दे ओके?"

"नाही."

"पण दोघंही उठून जात नाहीयेत."

खरं होतं ते. दुपार कलली तरी भांडण चालूच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या गाडीत बसून कुठेतरी गेली ती रात्री परत आली. तो गेला. तेलाचा डबा पोर्चवरून नाहीसा झाला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात तिनं आमची बेल वाजवली.

"तुझ्या मुलीच्या जिभेपायी माझा समुद्र गेला," ती म्हणाली.

मला वाटलं, यानिसला दिला. तसं विचारलं.

"त्याला? दोन मुलगे आहेत त्याला. त्याला दिला की उद्या त्यांचा." ती दाराच्या चौकटीला टेकली. पहिल्यांदाच थकलेली दिसत होती. "एक मुलगी पण आहे. नऊ वर्षांची. तिच्या नावानं केला. ह्यूस्टनला ग्रीक वकिलातीत जाऊन सगळं केलं. ती मोठी होईपर्यंत कुलूप तसंच. मग तिनं उघडावं, नाहीतर विकावं, नाहीतर जाळावं. पण भावांनी तिला विचारायचं. तिच्या दारात येऊन विचारायचं."

"यानिस तयार झाला?"

"नाही. रडला. मग झाला."

ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "तू सही केलीस?"

"नाही केली," मी म्हणाले.

नव्हती केली. मी दादाला कळवलं होतं की माझा हिस्सा माझ्या नावावर राहू दे. त्या दिवाळीत भाऊबीजेला त्याचा फोन आला नाही. वहिनीनं मेसेजला उत्तर दिलं नाही. माहेर तुझंच आहे, असंही पुन्हा कुणी म्हणालं नाही. हे मी इरिनीला सांगितलं. तिनं मान हलवली.

"तुमच्या गॅरेजचं दार फार करकरतं," ती म्हणाली. "तेल घाला." आणि गेली.

ती पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात वारली. झोपेत, असं चर्चमधल्या लोकांकडून कळलं. त्याआधी मी तिला नीट पाहिलं ते आमच्या वसाहतीच्या पोहण्याच्या तलावावर. सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते, शाळा सुरू झालेल्या, तलाव बंद व्हायला आलेला. मी चालायला निघाले होते. तलावात ती एकटीच. इतक्या वर्षांत तिला पाण्यात कुणी पाहिलं नव्हतं. जुना काळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला रुमाल बांधलेला. पाठीवर तरंगत होती, हात पसरून, न हलता. तोंड आकाशाकडे आणि कपाळाला ती नेहमीची आठी.

मी जाळीच्या बाहेर थांबले. "कसं आहे पाणी?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "घाण," ती म्हणाली. "आणि कोमट."

कुणाचा तरी विसरलेला एक प्लास्टिकचा बॉल वाऱ्यानं सरकत सरकत येऊन तिच्या खांद्याला लागला. तिनं तो एका हातानं उचलला, न बघता लांब पार्किंगमध्ये भिरकावून दिला, आणि पुन्हा हात पसरून पाण्यावर पडून राहिली.